शेवाळातली वस्ती: कोकणातल्या खडपावर वर्षभर काय घडतं

पौषातल्या उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या ओहोटीला कोकणातल्या एखाद्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यावर उतरा. गुडघाभर पाण्यात सरगॅसम या तपकिरी शेवाळाचे झुबके डुलत असतात. त्यातला एक झुबका पाण्यातच पिशवीत घेऊन वर आणा आणि थोडं समुद्राचं पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये झटका. आधी तळाशी नुसता कचरा पडल्यासारखा वाटतो. दहा-पंधरा सेकंद थांबा, मग तो कचरा चालू लागतो. तांदळाच्या कणीएवढे वाकडे जीव कुशीवर पडून गोल गोल सरकतात. एखादी बारीक काडी अचानक उभी राहते आणि पुढे-मागे वाकते. चपटे, लांबट किडे ट्रेच्या कडेला जाऊन बसतात. भिंगातून पाहिलं तर तळाचे ठिपकेसुद्धा पळताना दिसतात. ओंजळभर शेवाळातून अशी शे-दोनशे डोकी सहज निघतात.

हाच खडप जुलैत पाहिला तर झुबके गेलेले, लाटा डोक्याएवढ्या आणि पाणी गढूळ. मग ती सगळी वस्ती जाते कुठे, आणि दिवाळीनंतर परत येते कुठून? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की शेवाळ कधी कापावं, कुठून कापावं, अभ्यासासाठी नमुना कसा घ्यावा, आकडे कसे वाचावेत, हे सगळं त्यातूनच सुटत जातं.

या वस्तीत राहतं कोण

कोळंबी, खेकडा, शेवंड, जवळा हे आपल्या ओळखीचे कवचधारी. शेवाळातले जीव त्याच मोठ्या कुळातले, पण आकाराने काही मिलिमीटरचे आणि राहणीने अगदी वेगळे.

सगळ्यात जास्त भरणा अँफिपॉडांचा. हे दोन्ही कुशींकडून चेपलेले असतात, म्हणून ट्रेमध्ये सरळ उभे राहू शकत नाहीत आणि कुशीवर पडून घसरतात. छातीला पायांच्या सात जोड्या, त्यातल्या पहिल्या दोन पकडीसाठी. पोटाखाली पोहण्याच्या तीन जोड्या आणि शेवटी रेटा देऊन उडी मारण्याच्या तीन. किनाऱ्यावर सडणाऱ्या शेवाळाचा ढीग पायाने हलवला की पिसवांसारख्या उड्या मारत जे सुटतात, ते यांचेच वाळूवरचे चुलतभाऊ. शेवाळात राहणाऱ्या काही जाती, त्यातही अँपिथोई कुळातल्या, पायांच्या तिसऱ्या आणि चौथ्या जोडीतल्या ग्रंथींतून चिकट धागा काढतात. त्या धाग्याने शेवाळाचं पान दुमडून किंवा कचरा जोडून नळी बनवतात आणि तिच्यात राहतात. आपण शेवाळ झटकतो तेव्हा नळीतला प्राणी बाहेर येत नाही. मोजणीतल्या अनेक चुकांचं मूळ इथेच आहे.

काडीसारखे उभे राहणारे ते कॅप्रेलिड. तेही अँफिपॉडच, पण पोट जवळजवळ नाहीसं झालेलं, मधले पाय झिजून गेलेले आणि मागच्या तीन जोड्यांना आकडे. त्या आकड्यांनी फांदीला घट्ट धरायचं आणि पुढचं शरीर पाण्यात झुलवत ठेवायचं, ही त्यांची रीत. धरायला काही नसेल तर ते एकमेकांना धरतात, त्यामुळे बाटलीत त्यांचा गुंता होतो. त्यांना नीट पोहता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी शेवाळ म्हणजे घर आणि जमीन दोन्ही.

आयसोपॉड पाठीवरून दाबल्यासारखे चपटे असतात. घराच्या कोपऱ्यात ओलीला सापडणारा, काही जातींत गोळी होणारा जो किडा असतो, त्याच्याच वर्गातले. टॅनिड अगदी बारीक, गाळाच्या नळीत राहणारे, पुढच्या पायांना चिमटे असलेले. पळणारे ठिपके बहुतेक वेळा हारपॅक्टिकॉइड कोपेपॉड असतात, एक मिलिमीटरपेक्षाही लहान. शिंपल्यासारख्या दोन झडपांत बंद असलेले ठिपके म्हणजे ऑस्ट्राकॉड. शिवाय खेकड्यांची आणि कोळंबीची पिल्लं येऊन-जाऊन असतात.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या हिशोबाला लागते. अँफिपॉड, आयसोपॉड आणि टॅनिड यांच्या माद्या छातीखालच्या पिशवीत अंडी वाढवतात. पिशवीतून बाहेर पडणारं पिल्लू आईबापाची छोटी प्रतिकृती असतं. खेकडा-कोळंबीसारखी पाण्यात दूरवर वाहत जाणारी अळीची अवस्था त्यांना नसते. याचा अर्थ असा, की एका खडपावरची वस्ती पूर्ण नाहीशी झाली तर शंभर मैलांवरून अळ्या येऊन ती भरत नाही. कुणीतरी मोठा प्राणी तिथे टिकायला हवा, किंवा तुटलेल्या शेवाळावर बसून वाहत यायला हवा.

घर आधी समजून घ्यावं

सरगॅसमचा एक झुबका म्हणजे चार वेगवेगळ्या खोल्या. तळाशी खडकाला चिकटलेली पकड: ती मुळासारखी दिसते, पण जमिनीतून काही शोषत नाही, नुसती धरून ठेवते. तिच्यावर बोटभर लांबीचा देठ. देठावरून फुटलेल्या लांब फांद्यांवर दातेरी पानं. आणि पानांच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे, जे फांद्यांना पाण्यात उभं धरतात. पूर्ण वाढ झाली की बगलेतच बीजांगांचे बारीक, खडबडीत घोस धरतात.

पकडीत गाळ आणि अंधार, तिथे टॅनिड आणि ऑस्ट्राकॉड. फांद्यांवर अँफिपॉड. टोकांना, जिथे पाण्याची झुळूक लागते, तिथे कॅप्रेलिड. बीजांगांच्या घोसांत कोवळी पिल्लं, कारण तिथल्या फटी त्यांच्या मापाच्या असतात आणि माशाचं तोंड तिथे शिरत नाही. फटीचं माप हा इथला मुख्य मुद्दा आहे. उल्व्हा या शेवाळाचं हिरवं पान सपाट असतं, त्यावर लपायला जागा नसल्याने वस्ती विरळ. पदिना या पंख्याच्या आकाराच्या शेवाळात त्याहून थोडी बरी. सरगॅसममध्ये दाट. चुना साठवणाऱ्या बारीक तांबड्या शेवाळाचा जो इंचभर उंचीचा गालिचा खडकावर पसरलेला असतो, तो दिसायला मळकट असला तरी वजनाच्या मानाने तिथे सगळ्यात दाट वस्ती सापडू शकते. या गालिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. ते महागात पडतं, त्याचं कारण पुढे येईल.

खातात काय? बहुतेक जण शेवाळ खात नाहीत, शेवाळावर चढलेलं खातात. म्हणजे पानावरचा डायटमचा (सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा) बुळबुळीत थर, तंतूसारखं बारीक शेवाळ, अडकलेला कुजका कचरा. त्यांच्या खाण्याने पान स्वच्छ राहतं आणि त्यावर ऊन पडतं. काही अँफिपॉड मात्र तपकिरी शेवाळाचं पानच कुरतडतात. सरगॅसममधली तुरट द्रव्यं बऱ्याच प्राण्यांना खाऊ देत नाहीत, पण या काही जातींना ती चालतात. संख्या हाताबाहेर गेली आणि पानावरचा थर संपला तर झुबक्याला भोकं पडलेली दिसतात.

दिवाळी ते होळी

कोकणपट्टीचं समुद्री वर्ष पावसावर बेतलेलं आहे. समुद्राच्या पाण्याचं तापमान इथे वर्षभरात फार हलत नाही, साधारण २६ ते ३० अंशांमध्ये राहतं. हलतं ते बाकी सगळं: खारटपणा, लाटांचा मार, गढूळपणा आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाचं तापणं.

सप्टेंबर संपता संपता लाटा ओसरतात, गाळ बसतो, ऊन तळापर्यंत पोचतं. पावसाने नद्यांतून आणलेली पोषक द्रव्यं पाण्यात असतातच. हिरवं शेवाळ आधी उगवतं. सरगॅसमच्या जुन्या पकडींना कोवळे कोंब फुटतात आणि ऑक्टोबरअखेर ते वितभर होतात. या कोवळ्या फांद्या गुळगुळीत आणि स्वच्छ असतात, म्हणून सुरुवातीला त्यांच्यावर फारसं कुणी सापडत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, वस्ती आलीच नाही. ती यायला डायटमचा थर जमावा लागतो, आणि त्याला काही आठवडे जातात. शेवाळाची वाढ पुढे आणि प्राण्यांची मागून, हे अंतर लक्षात ठेवावं.

पुढची वाढ मात्र झपाट्याची. उबदार पाण्यात लहान अँफिपॉडांची अंडी आठवड्या-दहा दिवसांत पिशवीतून पिल्लं होऊन बाहेर पडतात आणि पिल्लू साधारण महिन्याभरात स्वतः अंडी धरतं. एका मादीच्या पिशवीत जातीप्रमाणे आणि तिच्या आकाराप्रमाणे पाच-दहापासून काही डझन अंडी असतात. कात टाकल्यावरच मादीचं मीलन होतं. त्यामुळे कित्येक जातींत नर तिला पोटाखाली धरून काही दिवस घेऊन फिरतो. ट्रेमध्ये एकाला एक चिकटलेल्या जोड्या दिसू लागल्या की वीण जोरात आहे असं समजावं.

समजा, ऑक्टोबरअखेर एका झुबक्यावर दहा माद्या आल्या आणि प्रत्येकीमागे महिन्याभरात चार मुली जगल्या. नोव्हेंबरअखेर चाळीस, डिसेंबरअखेर एकशे साठ, जानेवारीअखेर सहाशे चाळीस. हे आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत, पण डिसेंबर-जानेवारीत संख्या अचानक उसळल्यासारखी का दिसते ते यातून कळतं. वाढ सुरुवातीपासून त्याच वेगाची असते. आधी ती आपल्या डोळ्यांत भरत नाही, एवढंच.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा भराचा काळ. झुबके पूर्ण वाढलेले, पाणी निवळ, खारटपणा स्थिर. याच काळात झुबक्यांत बारीक मासे येतात, आणि त्यांच्या पोटात मुख्यतः हेच अँफिपॉड आणि कोपेपॉड असतात. माशांची पिल्लं वाढतात ती या वस्तीवर. म्हणून संख्या कागदावरच्या गुणाकारासारखी चढत राहत नाही, कुठेतरी थबकते. माशांना आधी मोठे, ठळक दिसणारे प्राणी सापडतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या नमुन्यात मोठी मादी कमी आणि पिल्लं जास्त असा तोल दिसला तर वीण वाढलीच असेल असं नाही. मोठे खाल्ले गेले असंही असू शकतं. अंडी धरलेल्या माद्यांचं प्रमाण वेगळं मोजलं तरच यातलं कुठलं खरं ते ठरवता येतं.

उन्हाळ्यातला चकवा

मार्चपासून झुबक्याला म्हातारपण येतं. बीजांगं गळतात, पानं गळतात, उरलेल्या फांद्यांवर तंतूसारखं शेवाळ आणि हायड्रॉइड (रोपट्यासारखे दिसणारे बारीक प्राणी) चढतात, गाळ बसतो. एप्रिल-मेमध्ये ओहोटीला उघडा पडलेला वरचा भाग उन्हाने करपतो आणि पांढरट पडतो. उथळ डबक्यांतलं पाणी समुद्रापेक्षा बरंच तापतं आणि बाष्पीभवनाने जास्त खारट होतं.

प्राण्यांची मोजणी करणारे इथे हमखास फसतात. समजा जानेवारीत एका चौरस मीटरवर ३ किलो ओलं शेवाळ आहे आणि दर १०० ग्रॅममागे २०० प्राणी. म्हणजे चौरस मीटरला ६०००. मेमध्ये शेवाळ उरलं ३०० ग्रॅम आणि दर १०० ग्रॅममागे प्राणी ५००. पहिल्या नजरेला वाटतं, उन्हाळ्यात वस्ती अडीचपट झाली. पण चौरस मीटरचा हिशोब केला तर प्राणी उरले १५००, म्हणजे चौथा हिस्सा. घरं पडली आणि माणसं उरलेल्या दोन खोल्यांत दाटीने राहू लागली, असा तो प्रकार. शिवाय उरलेल्या फांद्या गाळ आणि तंतूंनी भरलेल्या असल्याने तिथे फटी जास्त असतात. त्यामुळे अँफिपॉड कमी होऊन कोपेपॉड आणि टॅनिड वाढलेले दिसतात. एकूण आकडा तोच राहिला तरी वस्तीतली माणसं बदललेली असतात.

म्हणून दोन्ही आकडे द्यायलाच हवेत: शेवाळाच्या वजनामागे किती आणि खडकाच्या क्षेत्रफळामागे किती. एकच दिला तर तो अर्धवट. वजनामागचा आकडा प्राण्यांना घर कसं वाटतं ते सांगतो. क्षेत्रफळामागचा आकडा माशांना अन्न किती आहे ते सांगतो.

आगोट आणि त्यानंतर

जूनमध्ये पहिल्या वादळी लाटांनी उरलेसुरले झुबके उपटले जातात आणि वाळूवर त्यांची रास लागते. त्यांच्यावरचे प्राणी काही वाहून जातात, काही किनाऱ्यावर वाळून मरतात, काही तरंगत्या फांद्यांवर बसून दुसऱ्या खडपाला लागतात. मग पाऊस. कोकण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. खाडीच्या तोंडाजवळ, जसं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, पाण्याचा खारटपणा हजारी ३५ वरून बराच खाली येतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर तर थेट गोडं पाणी कोसळतं. उघड्यावरच्या डबक्यात तासाभरात गोडं पाणी साचून ज्यांना पळता येत नाही ते मरतात.

या काळात खडपाच्या वरच्या पट्ट्यात पोर्फायरा नावाचं पातळ, जांभळट शेवाळ उगवतं. जपानी नोरी ज्या गटातून करतात त्याच गटातलं. आपल्या किनाऱ्यावर ते पावसाळ्यातच दिसतं. पण ते इतकं पातळ आणि निसरडं की लपायला त्यात जागाच नाही. हिरवळ आहे म्हणून वस्ती असेल असं इथे चालत नाही.

मग प्राणी टिकतात कुठे? तीन ठिकाणं. पहिलं, सरगॅसमच्या उरलेल्या पकडी. फांद्या गेल्या तरी बऱ्याच झुबक्यांची पकड आणि बोटभर देठ खडकाला चिकटून राहतो. दुसरं, तो मळकट, इंचभर उंचीचा तांबडा गालिचा. लाट त्याच्यावरून सरकते, आतलं पाणी जवळजवळ स्थिर राहतं, आणि पावसाचं हलकं गोडं पाणी वरच्यावर निघून जातं. तिसरं, कालवांच्या आणि बार्नॅकलच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांच्या) रिकाम्या शिंपांच्या फटी आणि ओहोटीच्या रेषेखालचा कायम बुडालेला खडक. ऑक्टोबरमध्ये नव्या फांद्यांवर जी पहिली डोकी दिसतात ती बहुतांश इथून चढलेली असतात, रात्रीच्या वेळी पोहून. कॅप्रेलिडांना पोहता येत नसल्याने ते उशिरा दिसतात, आणि एखाद्या वर्षी एखाद्या खडपावर दिसतच नाहीत.

थंड समुद्रांत हे चक्र वेगळं चालतं. जपानमध्ये सरगॅसम हॉर्नेरी ही वर्षायू जात शरदात वाढू लागते, वसंतात भरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तुटून प्राण्यांसकट समुद्रात तरंगत जाते. तिथे पाण्याचं तापमान वीण ठरवतं. परदेशी लेखांतला वसंतातला उच्चांक आपल्या खडपावर शोधत बसू नये. इथला वसंत ऋतू म्हणजे शेवाळाच्या पडझडीची सुरुवात.

नमुना घेताना

आधी परवानगी. मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय शेवाळाची काडीही तोडता येत नाही. देवगडजवळ कुणकेश्वर, गोव्यात हणजूण अशा खडकाळ जागा आहेत, पण तिथेही स्थानिक नियम विचारून घ्यावेत. पावसाळ्यात एकट्याने खडपावर जाऊ नये, लाटेचा अंदाज चुकायला एक क्षण पुरतो.

दर महिन्याला उधाणाच्याच ओहोटीला जावं आणि दिवसाची वेळ सारखी ठेवावी. हे प्राणी रात्री झुबका सोडून पोहायला निघतात. एका महिन्यात पहाटे अंधारात आणि दुसऱ्यात संध्याकाळी उजेडात नमुना घेतला, तर जो फरक दिसेल तो ऋतूचा नसून घड्याळाचा असेल.

प्रत्येक वेळी किमान पाच झुबके. डोळ्यांना आवडलेला, भरगच्च झुबका उचलण्याचा मोह होतोच. तो टाळायला आधी दोरी टाकून ठरावीक अंतरावरच्या खुणा घ्याव्यात आणि खुणेजवळचा पहिला झुबका घ्यावा. एका जातीचं शेवाळ दुसऱ्यात मिसळू नये. झुबक्यावर पाण्याखालीच कापडाची बारीक विणीची पिशवी उतरवावी, तोंड आवळावं आणि मग देठ कापावा. पकड सोडून कापावं. पकडींचे नमुने हवे असतील तर वेगळे आणि मोजकेच, वर्षातून दोन-तीन वेळा घ्यावेत. पिशवी न घालता झुबका नुसता वर उचलला तर अँफिपॉड उड्या मारून निघून जातात आणि कॅप्रेलिड मात्र धरून राहतात. मग वहीत कॅप्रेलिडांचं राज्य असल्याचं दिसतं. शेजारी २५ सेंटिमीटरची चौकट टाकून तिच्यातलं सगळं शेवाळ किती आहे ते वेगळं नोंदवावं, म्हणजे क्षेत्रफळाचा हिशोब जमतो. पाण्याचं तापमान आणि रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा तिथल्या तिथे मोजावा. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याच्या दोन थेंबांनी आधी शून्यावर आणावा, नाहीतर सगळं वर्ष दोन-तीन अंकांनी सरकलेलं निघतं.

किनाऱ्यावर आल्यावर झुबका गोड्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन मिनिटं बुडवून जोरात हलवावा. गोड्या पाण्याच्या धक्क्याने बहुतेक प्राणी सुटतात. ते पाणी चाळणीतून गाळावं. हे एकूण तीनदा करावं. तिसऱ्या धुण्यातही पाच-सहापेक्षा जास्त प्राणी निघाले तर चौथ्यांदा. मग पानं उलगडून नळ्या शोधाव्यात आणि चिमट्याने उघडाव्यात. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो गाळला तर नळीत राहणाऱ्या जाती दर महिन्याला कमीच दिसतात.

चाळणीचं छिद्र ५०० मायक्रॉनचं (म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं) असेल तर नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं निसटतात. पिल्लांच्या जोरावरच विणीचा हंगाम ओळखायचा असतो, तेव्हा २५० मायक्रॉनची चाळणी घ्यावी. कोपेपॉड मोजायचे असतील तर खाली ६३ मायक्रॉनची दुसरी लावावी. एकदा ठरवलेली चाळणी वर्षभर बदलू नये.

धुतलेलं शेवाळ टिपकागदात दाबून ओलं वजन घ्यावं, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ दाबून. पाणी कधी जास्त, कधी कमी राहिलं तर वजनामागचा आकडा डळमळतो. जमलं तर ६० अंशांवर ४८ तास वाळवून कोरडं वजनही घ्यावं, ते जास्त भरवशाचं.

प्राणी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. फॉर्मालिन वापरायचं तर बोरॅक्स घालून त्याची आम्लता घालवावी, नाहीतर ऑस्ट्राकॉडांच्या झडपा विरघळतात. ते हाताळताना हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल ओल्या हातांनी सुटतं. नाव नसलेली बाटली म्हणजे वाया गेलेली ओहोटी.

मोजताना आधी गट पुरेत: अँफिपॉड, कॅप्रेलिड, आयसोपॉड, टॅनिड, कोपेपॉड, ऑस्ट्राकॉड, इतर. जात ओळखणं हे पुढचं काम, त्यासाठी पायांचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली काढून पाहावे लागतात. पण अँफिपॉडांचे आकाराने तीन भाग पहिल्या महिन्यापासूनच करावेत: २ मिलिमीटरपर्यंत, २ ते ४, आणि ४ च्या वर. अंडी धरलेल्या माद्या वेगळ्या मोजाव्यात. बाटलीत पडल्यावर कित्येकींची अंडी गळून जातात. तेव्हा पिशवीच्या पाकळ्या पाहाव्यात. त्यांच्या कडांना लांब केस असतील तर ती मादी वयात आलेली आहे, पिशवी रिकामी दिसली तरी.

कापणी करायची असेल तर

सरगॅसमपासून अल्जिनेट हा घट्टपणा आणणारा पदार्थ काढतात, खतासाठीही ते वापरतात. कापायचंच असेल तर फेब्रुवारीअखेरनंतर, बीजांगं पिकून गळू लागल्यावर कापावं. तोवर शेवाळाने पुढच्या वर्षाची सोय केलेली असते आणि प्राण्यांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. पकडीच्या वर किमान चार बोटं देठ राखावा. सगळा पट्टा एकदम साफ न करता आड-आड पट्टे सोडावेत, कारण ज्यांना अळी नाही आणि पोहणं जमत नाही, त्यांना शेजारच्याच झुबक्यावर सरकणं तेवढं जमतं. आणि कापलेला झुबका होडीत किंवा टोपलीत टाकण्याआधी तिथेच समुद्राच्या पाण्यात चार-पाच वेळा जोरात झटकावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि बरेचसे मोकळे प्राणी परत पाण्यात जातात.

पकड खरवडून उपटण्याने सगळ्यात मोठं नुकसान होतं. गालिचा तुडवून कालवं काढणं हे दुसरं.

एखादी पकड ऑगस्टच्या उघडिपीत हाती आलीच, तर ती धुण्याआधी ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात अर्धा तास नुसती ठेवावी. आधी गाळ सुटतो. मग कोपेपॉड. त्यानंतर बोटांसारख्या मुळ्यांच्या फटींतून एकेक टॅनिड चिमटे पुढे करून बाहेर डोकावतो आणि परत आत जातो. सुईने फटी उकलत गेलं की सगळ्यात आत, खडकाला चिकटलेल्या बाजूच्या पोकळीत, चार-सहा अँफिपॉड अंग मुडपून बसलेले सापडतात. त्यातल्या एखाद्या मादीच्या छातीखाली हिरवट अंड्यांचा पुंजका असतो.